बॅटरी मुलुंडला, फोन छावणीत

सगळ्यात आधी माझी चूक सांगून टाकतो, म्हणजे ती शोधून काढायचे कष्ट खाली कमेंटमध्ये कोणाला पडायला नकोत. मुलाच्या फोनची बॅटरी माझ्या शर्टाच्या खिशात राहिली. मुलगा गेला, फोन गेला, बॅटरी मुलुंडलाच. बस, एवढीच चूक.

दुसरं म्हणजे, मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. गावच्या घरी सगळे ज्या पिंपळाखालून जायला घाबरायचे, त्याच्या पारावर बसून मी बारावीचा अभ्यास केलाय. (नापास झालो, पण त्यात पिंपळाचा दोष नव्हता.) या ग्रुपवर तीन वर्षं आहे आणि तुमच्या अनुभवांखाली हसण्याचे इमोजी टाकणारा तो आगाऊ माणूस मीच. तेव्हा माझ्याही अनुभवाखाली टाका, हक्क आहे तुमचा.

आम्ही मुलुंड पूर्वेला राहतो, नव्वद फूट रस्त्याच्या जवळ, दुसरा मजला. मी, बायको सुजाता आणि एकुलता एक मुलगा ओंकार, वय एकोणीस. मी एका विमा कंपनीच्या पवईच्या ऑफिसात फायली सांभाळतो. ओंकारनं इंजिनीअर व्हावं असं माझं ठरलं होतं. ओंकारचं तसं काही ठरलेलं नव्हतं. तो पहाटे उठून धावायला जायचा, मला वाटायचं मुलीबिलीच्या मागे असेल. एक दिवस येऊन म्हणाला, "बाबा, माझं अग्निवीरमध्ये झालं."

मी काय म्हणालो ते लिहायला लाज वाटते, पण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी म्हणालो, "तुझ्याच्यानं होणार नाही. आठ दिवसांत रडत येशील." तो बूट घालून धावायला निघून गेला. सुजाता चार दिवस माझ्याशी बोलली नाही.

ट्रेनिंग सेंटरचं नाव लिहीत नाही, लांब आहे, एक दिवस आणि एक रात्र प्रवास. सोबत न्यायच्या सामानाची यादी आली होती. त्यात लिहिलं होतं की स्मार्टफोन आणायचा नाही, बटणांचा साधा फोन चालेल. तोही पहिल्या दिवशी जमा होणार. प्रत्येकाचा फोन नाव आणि नंबर लिहिलेल्या कापडी पिशवीत, पिशव्या सगळ्या एका ट्रंकेत, ट्रंकेला कुलूप. रविवारी दुपारी जेवण झालं की एक तास फोन हातात मिळणार, पुन्हा पिशवीत. सहा-सात महिने असंच.

साधा फोन घरात होता. माझ्या वडिलांचा. त्यांना आम्ही आपा म्हणायचो. गिरणीत होते, गिरण्या गेल्यावर वॉचमनकी केली, शेवटची वर्षं आमच्याकडे मुलुंडला काढली. चार वर्षांपूर्वी गेले. त्यांचा फोन टीव्हीखालच्या खणात पडून होता, बॅटरी फुगून पाठीचं झाकण वर आलेलं. मी तो स्टेशनजवळच्या दुकानात नेला. दुकानदारानं जुनी बॅटरी काढली, ओंकारचं नवीन सिम टाकलं आणि नवी बॅटरी बसवायला लागला, तर मी म्हटलं, "दे रे इकडे, मी बसवतो. आम्हीपण फोन वापरलेत." तेवढ्यात सुजाताचा फोन, येताना कोथिंबीर आणा. मी बॅटरी खिशात टाकली, झाकण लावलं, कोथिंबीर घेतली. घरी येऊन ऐटीत सांगितलं, "फोन रेडी!"

सुजातानं जाड खाकी कापडाची पिशवी शिवली होती. त्यावर लाल दोऱ्यानं नाव काढलं होतं. फोन त्यात गेला, तो थेट ट्रंकेत.

ओंकार गेल्यानंतर तीन दिवसांनी सुजातानं धुवायला काढलेल्या शर्टातून बॅटरी काढून माझ्यासमोर टेबलावर ठेवली.

"हे काय आहे?"

मी आधी अंगातल्या शर्टाचा खिसा चाचपला.

"तुम्हाला एक काम दिलं होतं," ती म्हणाली. "एक."

कुरिअरवाल्याकडे गेलो. त्यानं हात जोडले, "काका, सुटी बॅटरी घेत नाही, विमानात चालत नाही." सेंटरचा एक नंबर मिळाला होता, तातडीच्या कामासाठी. तिथे कोणीतरी उचलला आणि म्हणाला, "साहब, बच्चा ठीक है। फोन तो ट्रंक में है, बैटरी का क्या करेगा?" त्याचंही बरोबर होतं. आम्ही स्वतःची समजूत घातली, की फोन लागत नाही म्हटल्यावर ओंकार कुणा मित्राच्या फोनवरून करेल.

पहिला रविवार गेला. फोन नाही. दुसरा गेला. नाही. तिसरा गेला. सुजाता दुपारी एकपासून दोनपर्यंत फोन समोर घेऊन बसायची. मी टॉयलेटला गेलो तरी "आत्ताच जायचं होतं?" म्हणायची.

"रागावलाय तो तुमच्यावर," ती म्हणाली.

"मग तुझ्या फोनवर करेल की."

"तेच तर. माझ्यावर का नाही करत?"

त्यानंतरच्या शनिवारी पाकीट आलं. ट्रेनिंगमध्ये पोरांना अजून हातानं पत्र लिहायला लावतात, हे मला माहीत नव्हतं. पाकिटावर फक्त आईचं नाव. सुजातानं ते खिडकीत उभं राहून वाचलं. मी सोफ्यावरून तिचा चेहरा बघत होतो. आधी गोंधळली, मग ओठ घट्ट मिटले. मग तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं ना... सव्वीस वर्षांच्या संसारात तशी नजर मी पाहिली नव्हती.

"तुम्ही पोराला फोनवर काय बोललात?"

"मी? कुठल्या फोनवर?"

"खोटं बोलू नका!"

पत्र माझ्या अंगावर फेकलं. अक्षर ओंकारचंच, शंकाच नाही. लिहिलं होतं, आई, मी तीन रविवार घरी फोन केला. दर वेळी बाबांनी उचलला. तुझ्या नंबरावर केला तरी बाबाच उचलतात. फार रागात असतात, मालवणीत बोलतात. पहिल्या रविवारी मी म्हटलं, बाबा, ओंकार बोलतोय. तर म्हणाले,

"कोण? हय कोण ओंकार रवणा नाय. फोन ठेव."

इथे कोणी ओंकार राहत नाही म्हणे, मला वाटलं मस्करी करतायत. दुसऱ्या रविवारी म्हणाले, "परत हय येव नको. तुजी खाट काढून टाकलंय." तिसऱ्या रविवारी मी तुला बोलव म्हटलं तर म्हणाले, "आवस तुज्यापायी आथरुणाक लागली हा. तिका फोन करू नको." आई, तू आजारी आहेस का गं? मागून एक बाई ओरडत असते, "आटपा हो, आमचा दुबईहून फोन यायचाय!" आपल्याकडे कोण राहायला आलंय?

शेवटी लिहिलं होतं, येत्या रविवारी मी शेवटचा फोन करणार. बाबा तेच बोलले तर मी इथे राहणार नाही आणि घरीही येणार नाही. कुठे जाईन ते आता सांगत नाही.

येता रविवार म्हणजे उद्या.

मी चिडलो की माझी मालवणी बाहेर पडते, हे खरं आहे. आणि माझा नि आपांचा आवाज फोनवर अगदी सारखा, सुजातानंसुद्धा लग्नानंतर दोनदा गल्लत केलीय. तिला वाटलं, मीच कुठूनतरी काहीतरी खेळ करतोय. मी टीव्हीखालचा खण उघडला, बॅटरी काढून तिच्या हातात दिली.

"ही बघ! फोनमध्ये बॅटरीच नाही तर तो बोलेल कशावरून?"

तिनं बॅटरी हातात घेतली आणि पटकन टेबलावर टाकली. "गरम आहे."

मी हात लावला. गरम होती. आणि महिन्याभरापूर्वी घेतलेली नवीकोरी बॅटरी मधोमध फुगली होती. आता, दुकानदारानं डुप्लिकेट दिली असेल, खणात ऊन येत असेल... येत नाही, पण असेल.

सुजाता खुर्चीत बसली. रडली नाही. म्हणाली, "ती दुबईवाली बाई कोण?"

आणि इथे मला एक गोष्ट सांगावी लागली, जी मी कोणालाच सांगितली नव्हती. बायकोला नाही, बहिणीला नाही.

मी वीस वर्षांचा असताना, घाटकोपरला भटवाडीत राहायचो आम्ही, तेव्हा घरातून पळून गेलो होतो. तेवढं बहिणीला माहीत होतं, पुढचा फोन नाही. नापासाचा दुसरा राऊंड झाला होता, आपांनी पट्टा काढला होता. कोल्हापूरला एका मित्राच्या मामाकडे कारखान्यात राहिलो. आठ दिवसांनी, रविवारीच, एसटीडी बूथवरून घरी फोन केला. घरी म्हणजे तळमजल्यावरच्या माईंकडे, अख्ख्या चाळीत फोन एकच, त्यांचा, तोच सगळ्यांचा पीपी नंबर. माईंनी आपांना हाक मारून खाली बोलावलं. मी म्हटलं, "आपा, दिलीप बोलतोय." आपा म्हणाले,

"कोण? हय कोण दिलीप रवणा नाय. फोन ठेव."

आणि मागून माई ओरडल्या, आटपा हो, आमचा दुबईहून फोन यायचाय. त्यांचा भाऊ होता तिकडे.

मी ठेवला. दीड वर्षानं आई वारली तेव्हा घरी आलो. ती आजारी होती हे मला कोणी कळवलं नाही. माझी खाट खरंच काढलेली होती. त्यावर मी आणि आपा मरेपर्यंत एक शब्द बोललो नाही. जेवायला बसलो, देवळात गेलो, त्यांचं डायपरसुद्धा बदललं मी. पण त्यावर नाही.

सुजाता सगळं ऐकून एवढंच म्हणाली, "उद्या एकच्या आत त्याला गाठा."

रविवारी सकाळी आठपासून तो तातडीचा नंबर लावत होतो. अकराला लागला. एक हवालदार होते, आवाज रांगडा, पण माणूस चांगला. मी काय सांगणार? म्हटलं, "साहब, मेरे बेटे के फोन में बैटरी नहीं है।"

"कौन-सा नंबर?"

नंबर सांगितला. ट्रंक उघडल्याचा आवाज, पिशव्या चाळल्याचा आवाज.

"हाँ, लाल धागेवाला... अरे, हल्का है।" मग झाकण काढल्याचा कट्ट आवाज. मग पिशवी उलटी करून झटकल्याचा.

"साहब," त्यांचा आवाज बदलला होता, "बच्चा तो हर इतवार इसी पे बात करता है। मैं खुद सामने बैठता हूँ। रोता है। हम समझे, घर की याद आती है।"

सुजातानं स्पीकरवर ऐकलं होतं. तिनं फोनजवळ तोंड नेलं, "भैया, आज उसको वो फोन मत देना। आपके फोन से बात करवा दो। माँ बोल रही हूँ।"

हवालदार म्हणाले, एक बजे.

एक वाजेपर्यंतचे दोन तास कसे काढले ते विचारू नका. सुजातानं बांगडे साफ करायला घेतले. हाताला काहीतरी पाहिजे होतं तिला. मी उगीचच ओंकारच्या खोलीत गेलो. त्याची खाट होती जागेवर. तरीपण हात लावून बघितली.

एक वाजून चार मिनिटांनी फोन आला.

"जय हिंद साहब, लो बात करो।"

मी घाई केली. बापाची घाई, दुसरं काय! म्हटलं, "ओंकार? बाळा—"

फोन कट.

माझा आवाज ऐकून माझ्या मुलानं फोन कापला. तुमच्यातल्या बापांना सांगतो, भूतबीत काही नाही हो त्याच्यापुढे.

परत लावला. हवालदारांनी उचलला. "साहब, बच्चा बात नहीं करना चाहता। खड़ा है दरवाज़े पे, बाहर जाने को बोल रहा है। आपने क्या बोला उसको?"

"मी बोलते," सुजाता म्हणाली. तिचे हात माशांनी भरलेले. मी फोन तिच्या कानाला धरला. तिकडे हवालदारांनी स्पीकर लावला असावा, कारण ती थेट ओरडलीच.

"ओम्या! मी अंथरुणावर नाहीये! मी ओट्याशी उभी आहे, बांगडे साफ करतेय, हात घाण आहेत म्हणून तुझ्या बापानं फोन धरलाय! ऐकतोयस ना?"

एकदम लहानपणीचा आवाज. "आई?"

"हां."

"तू खरंच उभी आहेस?"

"मग काय बसून मासे साफ करू? व्हिडिओ नाही तुमच्यात, नाहीतर दाखवलं असतं. तुझं पत्र काल आलं. तो फोन आमच्याकडे कधी लागलाच नाही रे. बाबांनी नाही उचलला. कोणीच नाही उचलला."

"मग ते कोण होतं?"

सुजातानं माझ्याकडे बघितलं. मग ती म्हणाली, "घरी आलास की सांगते. आता बाबांशी बोल."

"नको."

"बोल म्हणते ना!"

मला तोंड उघडायची भीती वाटत होती. माझाच आवाज, पण तो माझा राहिला नव्हता. मी जमेल तितक्या शुद्ध मराठीत म्हणालो, "ओंकार, तुझी खाट जागेवर आहे. मी तिच्यावर इस्त्रीचे कपडे टाकलेत, चुकलंच. पण जागेवर आहे. आणि तुझ्याच्यानं होईल. मी जे बोललो ना तू जाताना... ते मूर्खासारखं बोललो."

तो काहीतरी म्हणणार इतक्यात हवालदारांचा आवाज मध्येच आला, चढलेला.

"साहब! साहब, वो फोन बज रहा है।"

"कौन-सा?"

"वही। मेज़ पे पड़ा है, पीछे से खुला। बैटरी की जगह खाली दिख रही है मेरे को... और बज रहा है। उठाऊँ क्या?"

आम्हालाही ऐकू आलं. लांबून, बारीक. आपांची रिंगटोन म्हणजे कंपनीची साधीच, कितीतरी फोनांना असते ती. पण मुलुंडच्या स्वयंपाकघरात, भर दुपारी, बांगड्यांच्या वासात मी ती ऐकली आणि लगेच ओळखली. आणि ती थांबेना. ती वाजण्यात चीड होती, हे मी कसं समजावू... दार उघडत नाही म्हणून कोणीतरी लाथा घालतो ना, तसं.

"मत उठाओ!" मी ओरडलो.

"आजोबांची आहे ही ट्यून," ओंकार तिकडून हळूच म्हणाला. मग लगेच, "बाबा, आजोबा मला असं बोलतील का हो?"

नाही. तेच तर कोडं आहे. आपांनी नातवावर जीव टाकला. त्याच्यासाठी कैऱ्या चोरायचे, त्याला शाळेत सोडायला जायचे. त्याला ते असं बोललेच नसते. "नाही रे," मी म्हटलं. "तुला नाही."

तिकडे धावपळ झाली, खुर्ची पडली. रिंगचा आवाज एकदम दबला, मग थांबला. हवालदार धापा टाकत म्हणाले, "आग की बालटी में डाल दिया। रेत में। ऊपर से दबा दिया।" त्यांच्याकडे बराकीबाहेर आग विझवायला वाळूनं भरलेल्या लाल बादल्या टांगलेल्या असतात, त्यातल्या एकीत.

ओंकार पळाला नाही. पुढचे सगळे रविवार त्यानं हवालदारांच्या किंवा मित्राच्या फोनवरून केले. दर वेळी आधी आईशी बोलायचा, मग मी आलो की पहिलं वाक्य, "बाबा, मराठीत बोला." दहा-बारा रविवारांनी ते वाक्य बंद झालं. शपथ परेडला आम्ही गेलो. पोरगा इतका ताठ चालत होता की मी दुसऱ्याच कोणाच्या तरी मुलाचे फोटो काढत बसलो, सुजातानं कोपर मारून दाखवला. परेड संपल्यावर आला, आईच्या पाया पडला, मग माझ्या. उठताना माझ्याकडे नीट बघत म्हणाला, "बोला ना काहीतरी." मी "शाब्बास" म्हणालो. माझा घसा बसला होता, त्यामुळे आवाज कोणासारखाच आला नाही. तो हसला.

निघताना हवालदारांनी कागदात गुंडाळलेला फोन माझ्या हातात दिला. बटणांच्या फटीत वाळू होती. "साहब, इसको घर में मत रखना," म्हणाले. सिम ओंकारनं आधीच काढून टाकलं होतं.

माझ्या चौकशा करून झाल्या. मोबाईलवाला म्हणतो बॅटरीशिवाय असा फोन सुरूच होऊ शकत नाही. ऑफिसातला आयटीवाला म्हणाला, "काका, सर्किटमध्ये थोडा चार्ज राहतो," मी विचारलं, "तीन रविवार?" तर चहा प्यायला गेला. एक डॉक्टर मित्र म्हणाला, ताण, भास, पोरगा नवीन जागी. मग हवालदारांना ट्यून का ऐकू आली? मला का? आणि सगळ्यात मोठं म्हणजे, भटवाडीतला तो फोन झाला तेव्हा हा मोबाईल जगातच नव्हता. ते वाक्य फक्त दोघांनी ऐकलं होतं, मी आणि माईंनी. माईही आता नाहीत. कोणाकडे उत्तर असेल तर सांगा. हसण्याचा इमोजीही चालेल.

फोन मी फेकून देणार होतो. खरंच. ठाण्याच्या खाडीत टाकायचं ठरलं होतं. पण मागच्या रविवारी दुपारी सुजाता झोपलीय असं समजून मी तो कागदातून काढला, वाळू झटकली आणि बॅटरी नसलेला तो फोन कानाला लावून बाल्कनीत उभा राहिलो. किती वेळ ते माहीत नाही. काहीच ऐकू येत नव्हतं.

मागे वळलो तर ती दारात उभी.

"अहो," ती म्हणाली, "अजून काय ऐकायचं राहिलंय तुमचं?"